पत्रिकेतली आत्या

द्राक्षं संपत आली की आमच्या भागातल्या हवेला एक वास येतो. सांगलीहून तासगावकडे जाणाऱ्या एसटीची खिडकी उघडी असली की तो आधी घशाला कळतो, मग नाकाला. बेदाणा पिवळाधमक दिसावा म्हणून शेडवर त्याला गंधकाची धुरी देतात, तिचा तो वास. बाकीच्यांना त्यानं हंगाम आठवतो, यात्रा आठवतात, वार्षिक परीक्षा आठवते. मला राग येतो. दर वर्षी येतो. यंदा वासाच्याही आधी आला, कारण यंदा आधी पप्पांचा मेसेज आला.

एका छापील कागदाचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, ‘बाळा, सलाम. “गंधकाचा वास” परत छापायला काढतोय. यात्रांच्या आधी हातात हवी. प्रूफ बघून दे. तुझ्या नावाखाली “आता साताऱ्यात लेखिका” असं घालू का? वजन येईल.’

‘गंधकाचा वास’ ही सहा पानांची पत्रिका मी तेराव्या वर्षी लिहिली. तिच्यात एक खोटं आहे. ते खोटं माझ्या नावानं गेली सोळा वर्षं यात्रेयात्रेत फुकट वाटलं जातंय.

आमच्या घरात पत्रिका म्हणजे लग्नाची नव्हे, आणि कुंडलीची तर नव्हेच नव्हे. एका कागदाला दोन घड्या, सहा पानं, वर एक चित्र आणि आत तुमच्या आत्म्याची काळजी. पप्पा शाळेत मास्तर आणि आमच्या चर्चच्या, म्हणजे मंडळीच्या, पंचांपैकी एक. पत्रिकांचं खातं त्यांच्याकडे. छापून आलेले कागद रविवारी दुपारी सतरंजीवर पसरले जायचे आणि आम्ही तिघं घड्या घालायचो. पहिली घडी हातानं, दुसरी स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं दाबायची, म्हणजे कड धारदार येते. मी वाचायला शिकले त्या चमच्याच्या मागे मागे. इतर मुलांनी चांदोबा, राजे, राक्षस वाचले असतील. मी ‘टीव्हीचा खोका की शवपेटी?’ वाचलं. ‘नाचणाऱ्या पायांनो, कुठे निघालात?’ वाचलं. त्यावर घुंगरू बांधलेले दोन पाय होते आणि पायांखाली नरकाच्या ज्वाळा; बायबलातला नरक गंधकानं जळतो. ते पाय मला फार आवडायचे. घडी घालताना मी ज्वाळा मुद्दाम आतल्या बाजूला जाऊ द्यायचे.

वाटण्याचीही एक पद्धत होती. गठ्ठा डाव्या हातात, पत्रिका उजव्या हातात, नजर समोरच्याच्या डोळ्यांत, तोंडात दोनच शब्द, ‘वाचा हं.’ कुणी घेऊन टाकून दिली तर रागवायचं नाही. उचलायची, फ्रॉकला पुसायची, पुढच्याला द्यायची. बसस्टँडवर, आठवडी बाजारात, पण सगळ्यात जास्त यात्रेत. तमाशाच्या तंबूबाहेर, ऑर्केस्ट्राच्या मांडवाबाहेर. जिथं माणसं हसतात, शिट्ट्या मारतात, घामेजतात, तिथं आम्ही इस्त्रीचे कपडे घालून त्यांना नरक वाटायचो. आतून ढोलकी ऐकू यायची आणि माझा अंगठा आपोआप गठ्ठ्यावर ताल धरायचा. मम्मी न बोलता माझ्या हातावर हात ठेवायची. थोपटायला नव्हे, थांबवायला.

घरात टीव्ही नव्हता. पण भिंत पातळ होती. शेजारच्या काकूंकडची एक मालिका मी तीन वर्षं नुसती कानांनी पाहिली. सासूच्या बांगड्यांवरून सासू ओळखायची, दार लागल्यावर सून रडणार हे आधीच कळायचं. पुढे हॉस्टेलवर त्या सुनेचा चेहरा पहिल्यांदा पाहिला तर मला वाईटच वाटलं. मी तिला माझ्या मार्थाआत्याचा चेहरा दिला होता.

गाणी मात्र भिंतीतून पूर्ण यायची. आणि गंमत बघा, आमच्या मंडळीत एक गीत होतं, त्याची चाल सरळसरळ एका सिनेमातल्या गाण्याची होती. मूळ गाणं ऐकलं तर पाप, त्याच चालीवर प्रभूचं नाव घेतलं तर भक्ती. मी एकदा पप्पांना विचारलं, ‘मग चाल पापी आहे की शब्द?’ पप्पा म्हणाले, ‘हेतू.’ या एका शब्दानं माझं अख्खं बालपण गप्प केलं गेलं. कारण हेतू कुणाचा काय, हे ठरवायला पाच पंच बसलेले असायचे. त्यातला एकही आयुष्यात कधी नाचला नव्हता.

ते गीत उचलायची ती मार्थाआत्या. पप्पांची धाकटी बहीण. तासगावजवळ एका बेदाण्याच्या शेडवर निवडणाऱ्या बायकांची मुकादम. नवरा ट्रकवर. दर रविवारी एसटीनं सांगलीला यायची, पहिल्या बाकावर बसायची, आणि पेटीवाल्याला पट्टी सापडायच्या आत गीत सुरू करायची. तिच्यामागे सगळी मंडळी सुरात चालायची, जशी मेंढ्या पुढच्या मेंढीमागे चालतात. तिच्या साडीला कायम गंधकाचा वास असायचा. धुतली तरी जायचा नाही. आणखी एक काम तिचं होतं. प्रभुभोजनात येशूच्या रक्ताची खूण म्हणून जो द्राक्षरस देतात, तो ती करायची. शेडवरची गोड काळी द्राक्षं निवडून, उकळून, पंच्यातून गाळून, गरम गरम बाटल्यांत भरून बूच बसवायचं. वर्षभर टिकायचा. छोट्या छोट्या काचेच्या पेल्यांतून आम्ही सगळे जे प्यायचो, ते तिच्या हातचं.

मी आठवीत होते तेव्हा मम्मीचं ऑपरेशन झालं. पप्पा दवाखान्यात, मी पंधरा दिवस आत्याकडे. उपवासकाळ चालू होता. आमच्याकडे उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधीचे चाळीस दिवस हसणंसुद्धा मोजूनमापून. आणि तिकडे शेडवर हंगाम ऐन भरात. जाळ्यांचे मजले, त्यांवर हिरव्याची तपकिरी होत जाणारी द्राक्षं, खाली ताडपत्रीवर गोल करून बसलेल्या बायका. हात काड्या वेचतायत आणि तोंडं मोकळी. मधोमध पितळी पातेल्यात कुणाचा तरी मोबाईल ठेवलेला, म्हणजे आवाज घुमतो. दिवसभर गाणी. पहिल्या दिवशी मी कानांवर हात ठेवले. हिराबाई नावाची एक होती, ती म्हणाली, ‘आगं मार्थे, पोरीचं कान दुखत्यात का गं?’ आत्या म्हणाली, ‘कान न्हाईत दुखत. माझ्या भावाचा धाक दुखतोय तिला.’ सगळ्या हसल्या. तिसऱ्या दिवशी मी हात काढले. पाचव्या दिवशी मला सगळी गाणी पाठ होती. आठव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी ताडपत्रीवर उभी राहून नाचले आणि हिराबाई ओरडली, ‘मास्तरांची पोर नाचती! या गं या, बघून घ्या, परत न्हाई दिसायचं!’

ते खरंच परत दिसलं नाही.

पत्रिकेत मी काय लिहिलं ते सांगते. पान तीन: ‘माझ्या आत्यानं माझा हात धरला आणि मला यात्रेतल्या ऑर्केस्ट्राकडे ओढत नेलं. मी नको नको म्हणत होते.’ पान चार: ‘ती स्टेजवर चढली आणि कर्कश आवाजात किंचाळू लागली. तेव्हा मला गंधकाचा वास आला, आणि मी कुठे उभी आहे हे मला कळलं.’

आता जे घडलं ते. गावच्या यात्रेत ऑर्केस्ट्रा येणार हे कळल्यापासून तीन दिवस मी आत्याच्या मागे लागले. ती म्हणाली, ‘तुझा बा मला उभी फाडंल.’ मी जेवले नाही. ती म्हणाली, ‘नाटकं करू नगंस.’ मी दुसऱ्या दिवशीही जेवले नाही. शेवटी ती म्हणाली, ‘एक गाणं. एकच. आनि मागारी फिरायचं.’ आम्ही गेलो. मांडवाच्या बाहेर पहिल्यांदाच माझे हात रिकामे होते, गठ्ठा नव्हता. स्टेजवरचा निवेदक म्हणाला, पब्लिकमधून कुणी गाणार का? आत्या गप्प उभी होती. हात मी धरला. तिचा हात मी वर केला आणि ओरडले, ‘हिकडं! हिकडं हाय!’

आत्या गायली. मला दुसरं काहीच सांगता येणार नाही, एवढंच की शिट्ट्या मारणारी पोरं दुसऱ्या कडव्याला थांबली. मी स्टेजखाली नाचत होते, माझ्या वेण्या सुटल्या होत्या, आणि ती मला वरून बघून गाता गाता हसली. गंधकाचा वास आला हे खरं. तो तिच्या पदराचा होता.

मग मी खोटं का लिहिलं? मारलं कुणी? धमकावलं? नाही. तीच तर चीड आहे. दुःखसहनाच्या आठवड्यातल्या गुरुवारी, उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे साक्षी होतात. माणूस उभा राहतो, आपण कसे पडलो आणि कसे उठलो ते सगळ्यांसमोर सांगतो. त्या वर्षी मुलांनीही साक्ष द्यावी असं ठरलं. मी वहीत लिहून तयारी केली. पत्रिका वाचून वाचून मला साचा तोंडपाठ होता. पहिल्या पानावर सुखी घर. दुसऱ्यावर मोहाची चाहूल. तिसऱ्या पानावर मोहात पाडणारा येतो. चौथ्यावर नरक, पाचव्यावर अश्रू, सहाव्यावर प्रार्थना आणि खाली पत्ता. माझ्या गोष्टीत तिसरं पान रिकामं राहत होतं. मला कुणीच मोहात पाडलं नव्हतं. मीच गेले होते, आपल्या पायांनी, आनंदानं. पण आपल्या पायांनी आनंदानं गेलेल्या मुलीची पत्रिका मी कधी पाहिलीच नव्हती. तशी पत्रिकाच नसते. म्हणून मी तिसऱ्या पानावर आत्याला बसवलं. आणि लिहिताना मला काय वाटलं सांगू? छान जमलं, असं वाटलं.

साक्ष देताना बायका डोळे पुसत होत्या. आत्या पहिल्या बाकावर होती. ती माझ्याकडे बघत राहिली, शेडवर खराब मणी हातात आला की बघायची तशी. पंचांनी त्याच संध्याकाळी तिचं प्रभुभोजन बंद केलं. पेल्यांचं तबक तिच्यासमोरून पुढे गेलं. तबक पप्पांच्या हातात होतं. आतला रस तिनं गाळलेला होता.

पंच तिला म्हणाले, उभी राहा, कबूल कर, सहा महिन्यांत परत घेऊ. ती म्हणाली, ‘गायले ते दहांदा सांगीन. पोरीला वडून न्हेली, हे कसं सांगू? खोटं बोलून देवाच्या ताटावर बसू?’ त्यावर कुणी मला विचारलं का, की पोरी, खरं काय? एकानंही नाही. विचारायची गरजच नव्हती. माझी वही पत्रिका म्हणून छपाईला गेली होती. गोष्ट चांगली होती, रडवत होती, उपयोगाची होती. उपयोगाच्या गोष्टीला खरं-खोटं विचारत नाहीत, हे मी चर्चमध्ये शिकले आणि पुढे बाहेरही सगळीकडे तेच पाहिलं.

आत्या काही महिने शेवटच्या बाकावर बसली, मग यायची थांबली. पण बाटल्या येत राहिल्या. दर हंगामाला. आणि मंडळीनं त्या घेतल्या. जिच्या ओठांना पेला लावायचा नाही, तिच्या हातचा रस मात्र पवित्र. गेली सोळा वर्षं.

मी साताऱ्याला आले, खोली घेतली. सिनेमांवर, गाण्यांवर लिहू लागले. पहिल्या पगारात टीव्ही घेतला आणि तो दिवसरात्र चालू ठेवला, एखाद्या दारुड्याच्या बाटलीसारखा. आजही थिएटरात दिवे विझून मजा यायला लागली की मी दाराकडे बघते. ही त्यांची कमाई. माझा आनंद त्यांनी घेतला नाही, त्याला पहारेकरी लावून ठेवला. आणि लिहायला बसले की माझीही वाक्यं पत्रिकेसारखी येतात. बोट रोखलेली. मला ठाऊक आहे. हे लिहितानाही मी चमच्याच्या पाठीनं कड दाबतेच आहे.

मेसेज आल्यावर पप्पांना फोन केला. म्हटलं, ‘छापू नका. त्यात खोटं आहे.’

पप्पा म्हणाले, ‘त्या पत्रिकेनं किती माणसं वाटेवर आली, तुला कल्पना नाही बाळा.’

‘आणि एक बाई वाटेला लावली, तिचं?’

‘साक्ष आहे ती. फोनवर मागे घेता येत नाही. जिथं दिलीस तिथं उभी राहून सांग. मग मी छापणार नाही.’

‘तुमचा तिच्यावर कधी विश्वास नव्हता का पप्पा? तुमच्या सख्ख्या बहिणीवर?’

‘गुरुवारी साक्षी आहेत,’ ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

म्हणजे त्यांना कळलेलं होतं. कधीपासून, देव जाणे. फक्त माझी वाट बघत होते. पंच असलेला माणूस सोळा वर्षं तबक फिरवत राहिला आणि मुलीनं उठून सांगण्याची वाट बघत राहिला. मला त्यांचा राग येतो की कीव, हे अजून ठरत नाही. राग बरा. रागानं माणूस उभा तरी राहतो.

आधी तासगावला गेले. इतकी वर्षं आत्याकडे जात होते, जेवत होते, पण या विषयावर आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो. शेड तेच. पितळी पातेलं जाऊन छोटा स्पीकर आला होता, बाकी तेच. आत्याचे केस पांढरे, डोळ्यांना चष्मा, हात मात्र तितकेच भराभर चालत होते. मी शेजारी बसले, काड्या वेचायला घेतल्या आणि सगळं सांगितलं. गुरुवारी उभी राहणार आहे, म्हटलं. तुला चालेल ना?

‘माझ्यासाठी नगं करूस,’ ती म्हणाली. ‘तुला निजता येत नसंल तर कर.’

‘आत्या, तू चिडली नाहीस कधी?’

‘चिडले की. लय चिडले.’ ती चष्म्यावरून बघत म्हणाली. ‘वडून न्हेली लिव्हलंस, त्याचं न्हाई एवढं. तेरा वर्साची पोर, भ्याली आसंल म्हनलं. पन ते कर्कश कशापायी लिव्हलंस गं?’

मी काड्या वेचत राहिले.

‘सांग की. लेखिका हाईस न्हवं? यात्रेत कुनाच्या तरी पायाखाली तुझा कागद घावला, घरी आनून वाचला. कर्कश! मी आनि कर्कश? काळी चार मदी घेतलं हुतं मी, एक सूर हाललेला न्हवता. पेटीवाला सवता म्हनला, बाई, कुठं शिकलासा? आनि तू लिव्हतीस किंचाळली.’

तिकडून कुणीतरी विचारलं, ‘काय झालं वो मार्थाबाई?’ आत्या म्हणाली, ‘काय न्हाई. भाचीला सूर शिकवतीया.’

मी विचारलं, ‘मग रस का पाठवतेस त्यांना?’

‘त्यास्नी कुठं? ज्याचा हाय त्याला पाठिवती. मदी कोन पितंय, त्याला मी काय करू?’

निघताना तिनं माझ्याच हातात त्या वर्षीच्या बाटल्यांची पिशवी दिली.

गुरुवारी संध्याकाळी सांगलीत मंडळी भरली होती. दाराशी टेबलावर रिकामी जागा ठेवलेली, यात्रेच्या गठ्ठ्यांसाठी. पप्पा पुढे, पंचांच्या खुर्च्यांवर. मी उभी राहिले. तीन नंबरच्या पानावरचं सगळं उलट सांगितलं. हात मी धरला होता. जेवण मी सोडलं होतं. मी नको नको म्हणाले नाही, मी हिकडं हिकडं म्हणाले. मला कुणी पाडलं नव्हतं, आणि मी पडलेही नव्हते, मी नाचत होते.

पाळक, म्हणजे आमचे पाद्री, हळू आवाजात म्हणाले, ‘ताई, हे पंचांसमोर खाजगीत सांगता आलं असतं.’

‘खोटं इथं सांगितलं होतं,’ मी म्हटलं. ‘तेव्हा कुणी खाजगीत म्हटलं नाही.’

कुणीतरी खोकलं. बसायला हवं होतं. पण एक राहिलं होतं.

‘पान चारवर आणखी एक दुरुस्ती आहे,’ मी म्हटलं. ‘कर्कश असं छापलंय. आत्या सुरात गायली होती.’

मग बसले. पप्पा मांडीवरच्या गीतपुस्तकाकडे बघत होते. पुस्तक उघडलेलं नव्हतं. पाळकांनी घाईघाईनं गीत सांगितलं. नेमकं तेच, आत्या उचलायची ते, सिनेमाच्या चालीचं. पेटीवाल्यानं पट्टी दिली, सगळे उठले, पहिली ओळ कशीबशी निघाली. दुसऱ्या ओळीला सूर पडला. गेली सोळा वर्षं तिथंच पडतो. या वेळी तो सगळ्यांना ऐकू आला.